हजेरीपटाबाहेरची शाळा : कुरकुंभ परिसरातील मराठी शाळेचा वृत्तान्त

स्मरणिका म्हटली की तिचा साचा ठरलेला असतो. आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश, मग मुख्याध्यापकांची कालानुक्रमे नामावली, कोनशिलेचे छायाचित्र, शिष्यवृत्तीधारकांची यादी आणि शेवटी जाहिराती, एवढी सामग्री जमली म्हणजे संपादक मंडळ निश्चिंत होते आणि मजकूर छापखान्यात रवाना होतो. या सामग्रीला आम्ही कमी लेखीत नाही. परंतु जी संस्था गेल्या दीड शतकात लोकल बोर्डाची शाळा, स्कूल बोर्डाची शाळा, जीवन शिक्षण मंदिर आणि जिल्हा परिषद प्राथमिक शाळा अशी नावे पालटीत आली, आणि तरीही जिला भीमथडीच्या मुलखातला माणूस ‘मराठी शाळा’ याच नावाने ओळखत आला, तिचा वृत्तान्त निव्वळ दप्तरातून लिहावयास बसल्यास निम्मा मजकूर हातचा सुटतो, असे आमचे प्रामाणिक मत आहे. दप्तरात पट असतो, हजेरी असते, दिपोटीसाहेबांचा शेरा असतो. मूल शाळेत कोणत्या निमित्ताने आले, आल्यावर कशामुळे टिकले आणि दिवाळी उलटताच कोठे नाहीसे झाले, याची रुजुवात मात्र त्या दप्तरावरून होत नाही. ती करावयाची तर शाळेच्या अंगणात साजरे झालेले सण आणि त्या मुलांच्या घरची चूल, या दोहोंकडे वळावे लागते; आणि तसे वळले असता असे दिसते की या भागातील आईबापांनी शाळेचा उंबरठा प्रथम ओलांडला तो बहुधा सणासुदीच्या निमित्ताने, आणि एकदा आत आल्यावरच त्यांना घरची अडचण मास्तरांच्या कानी घालण्याचा धीर झाला. पुढील लेखनाचा रोख हाच आहे.

कुरकुंभ हे दौंड तालुक्यातील गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, दौंडहून बारामतीकडे जाणारी वाट त्या रस्त्याला जेथे छेदते तेथे वसलेले आहे. ग्रामदैवत फिरंगाई माता. दौंड शहरातल्या ज्या रेल्वेखालच्या बोळाला लोक ‘कुरकुंभ मोरी’ म्हणतात, त्या मोरीत पावसाळ्याच्या दिवसांत अडकून पडण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा या बाजूचा प्रवासी विरळाच. भीमेचे पात्र जवळ असले तरी हा सारा टापू पर्जन्यछायेचा. पाटाचे पाणी ज्या शिवारांना पोचले तेथे ऊस उभा राहिला, आणि ज्यांना पोचले नाही तेथे ज्वारी, बाजरी आणि आभाळ. 1858 साली लोहमार्ग पुण्याहून या बाजूस सरकला, 1878 मध्ये मनमाडचा फाटा दौंडला येऊन मिळाला, आणि नाना प्रांतांची, नाना भाषांची माणसे येथे नोकरीधंद्यासाठी उतरू लागली. परकी माणसे या भागात कारखान्यांबरोबर प्रथमच आली, असा जो समज अलीकडे दिसतो तो म्हणूनच फारसा खरा नाही.

शाळेची गरज या मुलखाला कशी पटली, हे सांगण्यासाठी एका जुन्या प्रकरणाचा उल्लेख केल्यावाचून गत्यंतर नाही. 12 मे 1875 रोजी, येथून फार दूर नसलेल्या सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर ओढून त्यांची होळी केली; दंग्याचे लोण शिरूर, इंदापूर, हवेली या तालुक्यांत आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पसरले; सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. हे दंगे सारापट्टी, कापसाचे पडलेले भाव आणि कर्जाचा बोजा यांतून उद्भवले, हे इतिहासकारांनी सविस्तर सांगितलेच आहे. तथापि ज्या कागदावर आपण अंगठा उठवितो त्यात काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्या माणसाला तो कागद जाळण्यापलीकडे उपायच उरत नाही, हा त्यातला धडा शाळेच्या इतिहासकाराने विसरून चालणार नाही. विपरीत असे की त्याच कुणब्याकडून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होत असे आणि त्यातील एक तृतीयांश हिस्सा शिक्षणाकडे जात असे. 1882 साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी याच विसंगतीवर नेमके बोट ठेवले: रयतेच्या घामातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि रयत मात्र कोरडी राहते, म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. ही मागणी कायद्याच्या पुस्तकात उतरावयास मुंबई इलाख्यात 1923 चा आणि पुढे 1947 चा प्राथमिक शिक्षण कायदा यावा लागला, आणि मुलाचा हक्क म्हणून ती मान्य व्हावयास 1 एप्रिल 2010 उजाडावे लागले.

पंतोजींच्या काळातील खेड्यातली शाळा देवळाच्या ओवरीत किंवा चावडीत भरत असे. धूळपाटी, मोडी अक्षर, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतची घोकंपट्टी आणि छडी, असा तिचा सरंजाम. ती देवळात भरत असल्याने तिच्यातील सणही देवळाचेच असत, आणि देवळाच्या पायरीशी ज्यांना थांबावे लागे त्यांची मुले शाळेच्याही पायरीशीच थांबत. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत होऊन सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्य मानलेल्यांना कागदोपत्री खुल्या झाल्या. परंतु ठराव आणि ओटा यांच्यामधले अंतर कापण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. आपल्या शाळांच्या सांस्कृतिक परंपरेचा गौरव करताना ही गोष्ट झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. ज्या उत्सवात अर्धे गाव अंगणाबाहेर उभे होते, त्या उत्सवाला सबंध गावाचा वारसा म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

तशीच दुसरी परंपरा आधाराची, आणि तिचा उगम सरकारी परिपत्रकांच्या पुष्कळ आधीचा आहे. 1876-77 च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या सहकाऱ्यांसमवेत धनकवडी येथे बालाश्रम उघडून उपाशी मुलांच्या जेवणाची तजवीज केली. शाळेत पोर यावयाचे तर त्याच्या पोटाची चिंता आधी वाहिली पाहिजे, हे सूत्र पुणे जिल्ह्यात असे तेव्हापासून रुजले आहे. त्यानंतर वीस वर्षांनी खुद्द आपल्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील आणि नंतर गुजरातेतील दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणि विधवांना आश्रय दिला. त्यांना अक्षरओळखीबरोबर विणकामापासून छपाईपर्यंत हाताचे उद्योग शिकविले. त्यांच्या धर्मांतराने तेव्हाचे पुणे खवळले होते आणि त्या वादाचा धुरळा अद्याप पूर्ण बसलेला नाही. तथापि निवारा, अन्न आणि विद्या या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली असाव्यात हा विचार या तालुक्याच्या मातीत त्यांनी प्रत्यक्ष उभा करून दाखविला, हे श्रेय मतभेद बाजूस ठेवून त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांजकडे सोपविण्यात आला. शाळा गावच्या माणसाच्या हाताशी आली ती या वेळी. त्याआधी 1959 पासून साताऱ्याहून निघालेली ग्राम शिक्षण मोहीम राज्यभर पसरत होती. प्रौढ साक्षर झाले म्हणजे गावाने ग्रामदेवतेसमोर, दिवे लावून, वाजतगाजत शपथ घ्यावयाची, असा तिचा परिपाठ असे. निरक्षर बापाने देवीसमोर उभे राहून फळ्यावर आपले नाव लिहावे, यात देवकार्य कोणते आणि शाळाकार्य कोणते हे वेगळे काढणे कठीण! वर्गखोलीसाठी कोणी जागा द्यावी, कोणी दगड, कोणी बैलगाडीच्या खेपा, हा रिवाजही या दशकांत खेडोपाडी दृढ झाला. मग 1972 चा दुष्काळ आला. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडावयास गेली, घरोघर परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या गेल्या, आणि सुकडी हा शब्द एका सबंध पिढीच्या जिभेवर कायमचा बसला. आज साठी उलटलेल्या कोणाही ग्रामस्थाला विचारावे. त्याला त्या वर्षीच्या इयत्तेतील कविता आठवणार नाही, पण सुकडीची चव तो बिनचूक सांगेल.

आता शाळेच्या वर्षातील सणांकडे वळू. जूनच्या मध्यास शाळा उघडते आणि पुस्तकांचा वास अजून ताजा असतानाच वारीचे वारे वाहू लागतात. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा यवत आणि वरवंड येथील मुक्काम उरकून पाटसवरून रोटीच्या घाटाने उंडवडी गवळ्याची आणि पुढे बारामतीकडे जातो. म्हणजे कुरकुंभच्या पोरांना पंढरीची वाट पुस्तकात शोधावी लागत नाही, ती त्यांच्या शिवाराला जवळजवळ घासूनच गेलेली आहे. वाटेवरच्या गावांत शाळेच्या खोल्या वारकऱ्यांच्या विसाव्यासाठी मोकळ्या होतात. एरवी जेथे पाढे घोकले जातात तेथे रात्री हरिपाठ घुमतो. आषाढी एकादशीच्या सुमारास मुलांची दिंडी निघते. डोक्यावर तुळस घेतलेली पहिलीतील मुलगी, उपरणे सावरता सावरता टाळ चुकणारा दुसरीतला विठोबा, आणि त्याच्या कमरेवरचा हात खाली आला की लांबूनच डोळे वटारणारी आई, हे दृश्य आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या परिचयाचे आहे.

श्रावणात नागपंचमीचे झोके, मग चिखलाचे बैल. बेंदूर-पोळ्याच्या दिवसांत मुले काळ्या मातीचे बैल करून आणतात, त्यांच्या शिंगांना बेगड चिकटवितात. ज्याच्या घरी खरी बैलजोडी आहे असे मूल आता वर्गात क्वचितच एखादे सापडते. भाद्रपद-आश्विनात हस्त नक्षत्र लागले म्हणजे हादगा. पाटावर खडूने हत्ती रेखावयाचा, त्याला फुले वाहावयाची, त्याभोवती मुलींनी फेर धरावयाचा, आणि शेवटी डब्यातील खिरापत ओळखावयाची. बाई डबा कानाशी नेऊन हळूच हलवितात. खुळखुळ वाजले तर शेंगदाणे किंवा फुटाणे. काहीच वाजले नाही तर शिरा किंवा वाटली डाळ. आणि मुलींनी सगळे अंदाज बांधून हार पत्करली म्हणजे डब्यातून निघतात साध्या गुळाच्या पोळीचे तुकडे. हादग्याची मेख मात्र त्या डब्यातच आहे. खिरापत पाळीपाळीने एकेका घरून यावयाची असते, आणि ती घेऊन मुलीची आई, आजी किंवा चुलती शाळेच्या अंगणात येते. पालकसभेची नोटीस मिळूनही जी कधी फिरकली नव्हती, ती डबा घेऊन येते आणि फेर संपेपर्यंत कट्ट्यावर बसते. तेव्हा बाई सहज विचारतात, “थोरलीचं नाव का काढलं हो?” आणि उत्तर येते, “बाई, तिला घरी ठेवल्याबिगर धाकट्याला कोण सांभाळणार? आम्ही दोघंबी कामावर.” एवढे संभाषण कोणत्याही रजिस्टरात उमटत नाही; परंतु धाकट्याला अंगणवाडीत घालून थोरलीला पुन्हा वर्गात बसविण्याची वाट पुष्कळ वेळा त्यातूनच निघाली आहे.

याच पंधरवड्यात फिरंगाईचे नवरात्र बसते. गावात दर्शनाची रीघ, रस्त्याच्या कडेला नारळ-खेळण्यांची दुकाने, आणि शाळेत अर्धे लक्ष बाहेर लागलेली मुले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन होते. एकाचे आकडे उभे-आडवे मांडून काढलेली ती सरस्वती! आमच्या मते महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेने निर्माण केलेली ती सर्वांत अस्सल लोककला आहे, कारण ती कोणत्याही कलाशिक्षकाने शिकविलेली नाही. चौथीच्या मुलीने दुसरीच्या मुलीला, दुसरीच्या मुलीने धाकट्या भावाला, अशी ती हातावरून हातावर आली. दगडी पाटी जाऊन पत्र्याची आली, पुढे वही आली, तरी दसऱ्यापुरती पाटी माळ्यावरून खाली उतरते. त्या पूजेतच आता 3 जानेवारीची, सावित्रीबाईंच्या जयंतीची भर पडली आहे, आणि 11 व 14 एप्रिल या तारखाही शाळेच्या सणांत जमा झाल्या आहेत. सरस्वतीचे चित्र आणि सावित्रीबाईंचे चित्र यांवरून मधूनमधून शब्दाला शब्द लागतो. शाळेने दोन्हींच्या पायाशी तीच झेंडूची फुले ठेवून तो वाद आपल्यापुरता मिटविलेला पुष्कळ ठिकाणी आढळतो.

स्नेहसंमेलनाविषयी थोडक्यात सांगणे बरे, कारण ध्वनिक्षेपकाच्या भिंतींनी त्याचा बराच घास घेतला आहे. त्यापेक्षा पुणे जिल्हा परिषदेच्या यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सवाने अधिक टिकाऊ काम केले असे म्हणावे लागेल. केंद्र, बीट, तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्या चढत जाणाऱ्या या स्पर्धांत भजन आणि लेझीम यांना लोकनृत्याच्या बरोबरीने स्थान आहे; आणि भजनाला पेटी-पखवाज साधणारा माणूस शाळेत नसतो, तो गावच्या भजनी मंडळात असतो. तो येतो, तालीम घेतो. त्याच्या वाट्याला मोबदला बहुधा चहाचाच. परंतु ज्याने मुलांना ठेका शिकविला त्याला ती मुले उद्या उसाच्या फडात दिसली तर चैन पडत नाही. वारसा शाळेत आणणे म्हणजे वारसा बाळगणारी माणसे शाळेत आणणे, ही गोष्ट महोत्सवाच्या ढालींहून आम्हांला मोलाची वाटते. संक्रांतीचे हळदीकुंकू त्याच वर्गातले. काही विचारी शिक्षिकांनी त्यातून विधवांना वगळण्याची चाल मोडून सर्व मातांना सारखाच तिळगूळ आणि सारखेच वाण देण्यास आरंभ केला, आणि वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पाटी-पेन्सिल दिली. रूढी कोठे राखावी आणि कोठे वाकवावी, याचा विवेक अशा लहान प्रसंगांतून दिसतो.

घरांना मिळालेल्या सरकारी आधाराचा वृत्तान्त वरकरणी रुक्ष आहे, पण त्यातील आकडे बोलके आहेत. 1983 साली सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना आली. शाळेबाहेर राहण्याचा संभव असलेल्या गरजू मुलीसाठी कोणी सुस्थित गृहस्थाने दरमहा 30 रुपये द्यावयाचे आणि तिचे पालकत्व मानावयाचे, अशी तिची कल्पना. अनेक गावी शिक्षकांनीच पदरचे पैसे घालून ती चालविली. जानेवारी 1992 पासून दुर्बल घटकांतील मुलींना हजर दिवसाला एक रुपया, वर्षाकाठी जास्तीत जास्त 220 दिवसांचा उपस्थिती भत्ता सुरू झाला. तेव्हा त्या रुपयाला बाजारात थोडीफार पत होती. पुढे तीन दशके भाव वाढत गेले आणि रुपया मात्र रुपयाच राहिला. सरकारी दरबारात स्थितप्रज्ञतेचे याहून उत्तम उदाहरण शोधूनही मिळणार नाही. असे असले तरी 220 रुपये मुलीच्या नावाने, तिच्या आईच्या हाती पडतात, ही गोष्ट ज्या घरात मुलीच्या नावाने कधी काहीच जमा झाले नव्हते त्या घरात अगदीच निष्फळ ठरली नाही.

पोषण आहाराचे तसे नाही. त्याने शाळेचा दिवसच बदलून टाकला. 15 ऑगस्ट 1995 पासून केंद्राची योजना लागू झाली तेव्हा 80 टक्के हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. ते पिशवीतून घरी जात आणि सबंध कुटुंबाच्या ताटात विभागले जात. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच द्यावे असा हुकूम केला, आणि लवकरच वर्गाच्या मागे चूल पेटली. पाचवीपर्यंतच्या मुलास 100 ग्रॅम, त्यापुढील मुलास 150 ग्रॅम धान्य. तांदळाची आवक, खर्च, शिल्लक यांची रोजची नोंद. आणि मुलांना वाढण्यापूर्वी खिचडीचा घास कोणी खाऊन पाहिला, त्याची वेगळी चव नोंदवही. मुख्याध्यापकांना या हिशेबाने हैराण केले ही तक्रार रास्त आहे. अध्यापनाचा वेळ त्यात जातो हेही खरे. परंतु दुपारी व्हरांड्यात बसणारी पंगत पाहावी. ज्या व्हरांड्यात शंभर वर्षांपूर्वी काही मुलांना वेगळे बसविले जात होते, तेथेच आता ताट घेऊन कोणी कोणाशेजारीही टेकते, आणि वाढणारी मावशी कोणत्या आळीतली आहे याची चौकशी खिचडी गरम असताना कोणी करीत नाही. सर्वत्र आणि सदैव असेच घडले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. महाराष्ट्रात या चुलीवरूनही तंटे झालेले आहेत. तथापि रोज दुपारी न चुकता साजरा होणारा शाळेचा जो एकमेव सण आहे, तो हाच.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कुरकुंभला औद्योगिक वसाहत उभी राहिली, रसायनांचे कारखाने आले, आणि गावाचा व शाळेचा पट दोन्ही पालटले. उत्तर प्रदेश, बिहार आदी प्रांतांतून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. सधन स्थानिकांची मुले इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्यांत बसू लागली, आणि त्यांच्या रिकाम्या जागी घरी भोजपुरी बोलणारी मुले मराठी बाराखडी गिरवू लागली. तालुक्यातील गुऱ्हाळांवर परप्रांतीय कारागीर सहकुटुंब उतरतात. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना आणि आसपासचे इतर कारखाने यांच्या हंगामाला बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि दिवाळीपासून चैत्रापर्यंत पोरे कोयत्याच्या मागे मागे फिरतात. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. पुढे मुलांना मूळ गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे निघाली, ज्यांत आजी-आजोबांच्या देखरेखीखाली मूल शाळा न सोडता हंगाम काढते. आमच्या मते यांत दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा, कारण तो मुलाला त्याच्या वर्गापासून आणि घरच्या सणांपासून एकाच वेळी तुटू देत नाही. पण आजी थकलेली असेल तर तोही लंगडा पडतो.

या नव्या कुटुंबांच्या बाबतीत शाळेच्या सणांचा एक उणेपणा उघड होतो. छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. म्हणजे ती नेमकी दिवाळीच्या सुट्टीत पडते आणि शाळेच्या दिनदर्शिकेत कधी उतरतच नाही. सुट्टी संपल्यावर जे मूल डब्यात ठेकुआ घेऊन येते, त्याला पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत चार प्रश्न विचारले जातात आणि डबा चार हातांत फिरतो, एवढाच त्या सणाचा शाळेतील उत्सव. एखाद्या चाणाक्ष गुरुजींनी त्या डब्यालाच धडा करावा: कणीक, गूळ आणि तूप आमच्या शंकरपाळ्यांतही असते, मग वेगळे काय? फळ्यावर दोन्ही नावे लिहावीत, दोन्हींची कृती मुलांकडून वदवून घ्यावी. मराठी शिकण्यास आलेल्या मुलाला आपल्या घरचे काहीतरी सांगावयाचे आहे असे वाटले म्हणजे मराठी शब्द तोच धुंडाळू लागतो. साने गुरुजींनी आंतरभारतीचे जे स्वप्न पाहिले त्याला मोठ्या सभागृहांपेक्षा असा डबा अधिक मानवेल, असे आम्हांस वाटते.

औद्योगिक वसाहतीने आणखी एक जोखीम शाळेच्या पदरी टाकली. ऑगस्ट 2019 मध्ये येथील एका कारखान्यास रात्री आग लागली आणि धास्तावलेल्या लोकांनी मुलाबाळांसह घरे सोडली. अशा वेळी कोणत्या दिशेने जावे, वाऱ्याचा रोख कसा पाहावा, ओला रुमाल नाकातोंडाशी कसा धरावा, हे पालकसभेत आणि मुलांच्या परिपाठात सांगितले जाणे हेही येथे कुटुंबाला दिलेल्या आधारातच जमा धरावे लागेल.

2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक आहे. कागदावर तो सर्वत्र पाळला जातो. प्रत्यक्षात आईच्या नावाने बापाने बैठकीस यावे आणि सही तेवढी घरी जाऊन आणावी, हा प्रकार अजून नामशेष झालेला नाही. ज्या शाळांत सणाच्या निमित्ताने बायका आधीपासून येत होत्या, तेथे समितीही खरी झाली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने शाळांना कुलपे लागली तेव्हा याची परीक्षा झाली. तांदूळ-डाळ पालकांच्या हाती वाटण्यात आली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही घोषणा झाली. आणि ज्यांच्या घरी मोबाईल एक आणि मुले तीन, त्यांच्यासाठी शिक्षकांनी वाडीवस्तीवर, झाडाखाली, देवळाच्या पारावर वर्ग भरविले. दीडशे वर्षांनी शाळा पुन्हा ओवरीत गेली होती. या खेपेस मात्र पायरीशी कोणी थांबले नाही.

2022 पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. दाखलपात्र मुलांची वाजतगाजत फेरी निघते. मग मूल एकेका टेबलाशी जाते, रंग ओळखते, एका पायावर उभे राहते, मणी मोजते. पुढील आठवड्यांत गल्लीतील माता गट करून बसतात आणि सुट्टीत मुलांकडून घरच्या घरी काय करून घ्यावे ते ठरवितात: भाज्यांची वर्गवारी, चपात्यांची मोजणी, कपड्यांच्या घड्या. यातील पुष्कळ आया स्वतः चौथीच्या पुढे गेलेल्या नाहीत. परंतु आपणही मुलाला काही शिकवू शकतो, ही कल्पनाच त्यांना नवी. आणि ती त्यांना शाळेने सांगितली, यात आम्हांस पुष्कळ काही दिसते.

एक भय मात्र येथे नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. अलीकडे जयंत्या, दिन, सप्ताह आणि पंधरवडे यांची परिपत्रके एकामागून एक येतात, आणि प्रत्येकाचे छायाचित्र त्याच दिवशी वर पाठवावयाचे असते. फोटो निघाला की उत्सव बरखास्त! मुले पाच मिनिटे वेशभूषेत उभी राहतात, पालक दूरच राहतात, आणि अहवालात मात्र ‘उत्साहात संपन्न’ असे नमूद होते. हादग्याला परिपत्रक नव्हते. दसऱ्याच्या पाटीला नव्हते. म्हणूनच कदाचित त्यांना घरचे माणूस येत राहिले. वर्षाला चाळीस दिन पाळण्यापेक्षा सहा सण असे करावेत की ज्यांच्यासाठी घरून काहीतरी आणावे लागेल आणि आणणाऱ्याला बसावयास जागा असेल.

स्मरणिका समितीस आमची एवढीच विनंती आहे की या अंकाबरोबर शाळेने एक साधी सणवही सुरू करावी. तीत कोणत्या दिवशी कोणाच्या घरून काय आले, कोण येऊन बसले, घरची भाषा कोणती आणि बोलण्यात कोणती अडचण निघाली, इतकेच लिहावे. पालकसभेची वेळ कारखान्यांच्या पाळ्या पाहून ठरवावी, कारण पहिल्या पाळीचा कामगार दुपारी चारनंतरच मोकळा होतो. आणि हंगामात कोपीवर राहणाऱ्या पालकांसाठी एक बैठक फडावरच घ्यावी. वहीस शंभर पानी रेघी पुस्तक पुरेल. तिच्या खर्चाची तजवीज शाळा अनुदानातून सहज होण्यासारखी आहे.